हरळीखालची माती

माझे गुडघे दाखवायला म्हणून आम्ही मिरजेला गेलो आणि टिकलीला घेऊन आलो.

आलो म्हणजे हे आले. डॉक्टरांनी माझे गुडघे दाबून बघितले, मलमाची डबी दिली, मांडी घालून बसू नका म्हणाले. तिथून बाहेर पडून एस.टी. स्टँडाकडं चाललो, तर टांग्याच्या अड्ड्यावर बिराप्पा नावाचा एक घोडेवाला तांबडी घोडी फिरवत होता. तिच्या कपाळावर मधोमध पांढरा ठिपका होता, कुंकवाएवढा. हे थांबले. मी बरीच पुढं गेले तरी ह्यांना पत्ता नव्हता. दुपारी ह्यांनी मला साताऱ्याच्या एस.टी.त बसवून दिलं, कंडक्टरला "बाईमाणूस हाय, आमच्या फाट्याला उतरवा" म्हणून सांगितलं, आणि घोडी घेऊन स्वतः चालत निघाले. मुक्काम करत करत गावी पोचले तेव्हा पौषाची थंडी होती. घोंगडं घोडीच्या पाठीवर होतं आणि ह्यांच्या अंगावर नुसती बंडी. मलमाची डबी ह्यांच्याच खिशात राहिली होती. मी मागितली तर रिकामी निघाली. वाटेत घोडी लंगडायला लागली म्हणून तिच्या पायाला चोळून संपवली होती.

"तुझं काय, तू गाडीत बसून आलीस," हे म्हणाले. "ती बिचारी चालत आली."

टिकली हे नाव ह्यांनीच ठेवलं. मी लग्न होऊन आल्यापासून रोज कपाळाला कुंकू लावते. ते आडवं असतं की गोल, हे ह्यांना विचारलं तर सांगता येणार नाही.

आमचे हे फौजेत दफेदार होते, जनावरांच्या खात्यात. खेचरांच्या पाठीवर सामान लादून डोंगरावरच्या चौक्यांत पोचवायचं, ही नोकरी. सुट्टीला आले तरी खेचरांच्याच गोष्टी सांगायचे. एकाहत्तरच्या लढाईत पत्रं बंद झाली, तेव्हा मी माळावरच्या यमाईला नवस बोलले. माणूस धडधाकट घरी येऊ दे, पाच जत्रांना ओलेत्यानं विहिरीपासून देवळापर्यंत दंडवत घालीन, आणि आंघोळीपासून देवीपुढं दिवा लावेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. माणूस आला. मीही माझा शब्द पाळला. दुष्काळाच्या साली वाटेवर शिंपायला पाणी नव्हतं, तेव्हा तापल्या मातीवर घातले, पण तोंडातून हूं की चूं केलं नाही. मौन मोडलं तर नवस पहिल्यापासून फेडायचा, अशी आमच्याकडची रीत. पहिल्यापासून म्हणजे काय, ते माझ्या गुडघ्यांना ठाऊक होतं. शहात्तर साल शेवटचं होतं, टिकली आली तेच.

हे पेन्शनीत आले तेव्हा वाटलं होतं, आता माणूस खरं घरी आलं. रोज पहाटे मी अनवाणी माळावर देवीला जाऊन येते, मंगळवार-शुक्रवार पाण्याचा थेंबही न घेता. मी गेले म्हणून ह्यांना कधी कळलं नाही, आले म्हणूनही नाही. टिकलीनं मात्र रात्री एक पाय आपटला की हे कंदील घेऊन गोठ्यात. तिच्याशी बोलायचा ह्यांचा आवाजच निराळा. "हूऽ हूऽ, झालं गं बाय, झालं." एवढंच, पण असा आवाज ह्या माणसाच्या गळ्यात आहे, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात ऐकायला मिळालं नव्हतं. भिंतीपलीकडं भाकरी थापताना तो कानावर आला की माझी भाकरी हमखास फाटायची.

मग देव्हाऱ्यातला कापूर कमी व्हायला लागला. आधी मला उंदरांचा संशय आला. एक दिवस बघते तर हे तिळाच्या तेलात कापराच्या वड्या चुरून घालत होते. ते तेल ह्यांनी एका तपकिरी बाटलीत भरून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलं, टिकलीच्या पायांसाठी.

"देवीचा कापूर घोडीच्या पायाला?" मी म्हटलं.

"देवीला तरी पाय न्हाईत व्हय?" हे म्हणाले. बाटलीला मात्र मला हात लावायची मुभा नव्हती.

धुळा म्हणून धनगराचा एक सडसडीत गडी टिकलीवर बसायचा. तिला यंदा आमच्या जत्रेत पळवायची, असं दोघांनी ठरवलं होतं. त्याआधी माघात हे सांगलीकडच्या एका जत्रेत शर्यती बघायला गेले. तिथून आले ते सरळ जोत्यावर बसले. ताट वाढलं तर सरकवून ठेवलं. धुळ्याकडून कळलं, की तिथं एक पांढरा घोडा भरधाव पळताना गवतात पडला. वरून हिरवीगार हरळी, आणि खाली कधीतरी मांडवाच्या खांबासाठी खणलेला खड्डा. पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला. घोड्याचा मोडलेला पाय सांधत नाही. तो घोडा तिथंच संपवावा लागला, आणि बसणाऱ्याचा खांदा निखळला तो निराळा.

तेव्हापासून ह्यांना जमिनीचं वेड लागलं. जेवताना आमटी कशी झालीय हे सांगायचं सोडून हे मला माती सांगायचे. "गवताला भुलू नये. हरळीची मुळी धरलेली असंल तर खुराला आधार मिळतो, वरनं नुसती ठेवलेली असंल तर ती घोंगड्यावाणी सरकती. अन् भुसभुशीत मातीत पाणी मुरलं की संपलंच." मी भाकरी वाढत ऐकायची. मला त्या मातीशी काही देणंघेणं नव्हतं. पण ज्या गोष्टीपायी आपला माणूस आपल्याला विसरतो, ती गोष्ट बाई कान देऊन ऐकते. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ झाला.

चैत्रात जत्रेच्या आदल्या दिवशी हे हातात काठी घेऊन सगळा माळ फिरले, पावलापावलाला काठी रोवून बघत. माळाच्या मध्यावर गेल्या साली कुस्त्यांचा हौद खणला होता. यंदाचा नवा हौद देवळाच्या मागं केला होता आणि जुना त्यातल्याच मोकळ्या मातीनं बुजवला होता. ह्यांनी त्याच्याभोवती बाभळीच्या काट्या रोवल्या आणि जत्रेचे पंच लालासाहेब यांना गाठलं. शर्यतीच्या वाटेची फक्कीची रेघ ह्या जागेला वळसा घालून मारा, म्हणाले.

"दफेदार, साताऱ्याचं पावणं समोरच्या मांडवात बसणार," लालासाहेब म्हणाले. "त्यांच्यापुढनं घोडी तिरकी पळवायची?"

"तिरकी पळू द्या, पर चार पायांवर पळू द्या."

लालासाहेब हसले आणि बरं म्हणाले. हे समाधानानं घरी आले, आणि न्हाणीत पाय धुऊन सरळ माझ्या चुलीपाशी येऊन उकिडवे बसले. लग्न झाल्यापासून हे चुलीपाशी बसल्याचं मला आठवत नाही. माझा जीव उगीच हलका झाला.

"ऐकलंस का," हे म्हणाले, "उद्या बायांचं दंडवत वरच्या अंगाला, बांधाच्या कडंनं घ्याल का? तुमची वाट शर्यतीला आडवी जाती, अन् तिच्यावर तुमी घागरी वतता. हरळी निसरडी हुती. घोडं घसरलं म्हंजी—"

"घोडं म्हंजी समदी, का एकच?"

"समदीच गं."

"मग समद्यांनी येऊन सांगावं. तुमीच का आला?"

"तुझं बाया ऐकत्यात. हात जोडतो, राही."

ह्यांनी खरंच हात जोडले. मी हातातली काटवट बाजूला ठेवली.

"एवढी वरसं दंडवत घालतीया," मी म्हटलं, "एकदा तरी इचारलं का, कुठल्या वाटंनं घालतीस, गुडघं कसं हायत? आता घोडीचं पाय मधी आलं तवा माझी वाट दिसली व्हय?"

"आगं, मुकं जनावर हाय ते. बोलता येत न्हाई त्याला."

"उद्या मलाबी बोलता यायचं न्हाई. देवीची वाट मी वळवायची न्हाई. तुमी शर्यत वळवा."

हे उठले. दारात थांबून म्हणाले, "घोडीवर जळतीस तू."

माझी धाकटी जाऊ मनुबाई ताक घुसळत बसली होती. हे गेल्यावर म्हणाली, "आक्का, मनाला लावून घेऊ नगासा. सवत आणली ती आणली, पर चार पायांची आणली. निदान सैपाकात लुडबूड तरी करायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर आंघोळ करून मी मौन धरलं. ओलं लुगडं, हातात नारळ. आडवं व्हायचं, हात लांब करून नारळानं मातीत रेघ ओढायची, उठून त्या रेघेवर उभं राहायचं, परत आडवं व्हायचं. बाकीच्या बाया पुढं गेल्या. गुडघ्यांमुळं मी सगळ्यांच्या मागं. मनुबाई माझ्यापुढं घागरीतलं पाणी ओतत चालली होती आणि मला बोलता येत नसल्यानं तिला दोघींच्या वाटचं बोलावं लागत होतं.

"ते बगा मांडवात पावणं आल्यात. टोपी केवढी हाय... आता माळाच्या त्या टोकाला घोडी उभी केल्यात. भावजी टिकलीपाशीच हायत. धुळा वर बसलाय. सांगलीकडच्या भाऊसोचा काळा घोडाबी आलाय, लय दांडगा दिसतोय... लालासाहेब कर्ण्यावरनं बोलाय लागलं, ऐका."

कर्णा सांगत होता की बायांनी दंडवत आटपून घ्यावे, शर्यतीचं निशाण पडायची वेळ झाली.

माळाच्या मध्यावर मी आडवी झाले आणि नाक मातीला टेकलं. वास आला. हळदीचा, आंबूस ताकाचा, तेलाचा. माळाच्या मातीला असा वास नसतो. कुस्त्यांच्या हौदात माती घालतात तेव्हा तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबं कालवतात. दर साली आमच्या घरातून ताकाची घागर जाते, मी स्वतः भरून देते. तोच वास होता. मी रेघ ओढायला हात लांब केला, तर नारळासकट मनगट गवतात खाली गेलं.

डोळे जमिनीपाशी होते म्हणून दिसलं. हरळी एकसंध नव्हती. ढेपा शेजारीशेजारी मांडलेल्या, मधे करंगळीएवढ्या फटी. काट्या उपटून मांडवामागं टाकल्या होत्या. फक्कीची पांढरी रेघ सरळ, कुठंही न वळता माझ्या अंगाखालून पुढं गेली होती. पाहुण्यांसमोर उघडी माती नको म्हणून पंचांनी सकाळी हिरवं अंथरून ठेवलं होतं. आणि त्यावर पुढच्या सगळ्या बायांनी घागरी ओतल्या होत्या. मनुबाई अजून ओततच होती. जेवताना ऐकलेलं सगळं माझ्या अंगाखाली होतं. घोंगड्यासारखं सरकणारं गवत, भुसभुशीत माती, मुरलेलं पाणी.

उठायचं होतं आणि पुढं आडवं व्हायचं होतं, बाकी काही नाही. माझं तोंड देवीनं बांधलेलं होतं. बोलले तर पाच वर्षांचे दंडवत पाण्यात, आणि ते पुन्हा घालायला माझे गुडघे राहिले नव्हते. मला कुणी बोल लावला नसता. गोठा माझ्या डोळ्यांपुढं आला, रिकामा, शेणानं सारवलेला, कोनाड्यात बाटली नाही. देव्हाऱ्यात कापूर भरलेला. हे जोत्यावर बसलेत आणि आमटी कशी झालीय ते सांगताहेत.

तेवढ्यात त्या टोकाला टिकली खिंकाळली. मी तिचं खिंकाळणं ओळखते. नको म्हटलं तरी ओळखते. आणि त्यामागून काय येणार तेही मला ठाऊक होतं. इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण हे म्हणाले असणार, हूऽ हूऽ, झालं गं बाय. मी काही तो पांढरा घोडा बघितला नव्हता. ताट सरकवलेलं मात्र बघितलं होतं.

मी उठले नाही.

"आक्का, उठा की," मनुबाई म्हणाली. "लागलं काय? चक्कर आली?"

मी मान हलवली आणि हातानं माती दाखवली. ओल्या बाईनं मातीवर हात आपटला, एवढंच लोकांना दिसलं. एक म्हातारी पुढं येऊन म्हणाली, "आगं, अंगात आलंय हिच्या. हळदकुकू आणा." झालं. माझ्याभोवती रिंगण धरलं. कुणी लिंबू ठेवलं, कुणी माझ्या पाठीवर भंडारा टाकला. कर्णा बंद पडला आणि स्वतः लालासाहेब टोपी सारखी करत आले, हात जोडून वाकले.

"आई, काय चुकलं आमचं? काय पायजे तुला?"

देवीच्या नावानं खोटं वागायचं पाप मी करणार नव्हते. नाही नाही म्हणून मी जोरजोरात मान हलवली.

"आई नगं म्हणतीया," लालासाहेब मागं वळून म्हणाले. "काय नगं ते सांगंना. बोकड नगं का?"

रिंगण फुटलं आणि हे आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टिकलीचा लगाम. बायको पडली म्हणून कुणीतरी सांगितलं होतं, तरी घोडी सोडून येववलं नाही. हे वाकून हळू आवाजात म्हणाले, "काल बोललीस तेवढं बास झालं न्हाई? समद्या गावापुढं तमाशा कशापायी? ऊठ."

मी गुडघ्यांवर बसले. ह्यांच्या हातातली काठी ओढून घेतली. आमच्याकडं बाई चारचौघांत नवऱ्याच्या हातातलं असं काही ओढून घेत नाही. मी काठी दोन ढेपांच्या फटीत रोवली आणि दाबली. ती गेली. काही न अडता मुठीपर्यंत आत गेली, आणि वर आली तेव्हा तिला तांबडा चिखल होता.

हे काठीकडं बघत राहिले. मग चिखल बोटावर घेऊन हुंगला. मला वाटलं, आता माझ्याकडं बघतील. हे वळले आणि टिकलीला मागं सारून तिचा एकेक पाय उचलून बघायला लागले. मी तिथंच बसून होते, केसांत भंडारा, पुढ्यात लिंबू.

"लालासाहेब," हे पाय खाली ठेवून म्हणाले, "ह्या काट्या कुणी काढल्या?"

"आवं दफेदार, पावण्यांस्नी समोर बोडकी माती दिसत हुती. वाइच हिरवं केलं. गड्यांनी तुडवून घेतलीया चांगली."

"माझ्या बायकूच्या वजनानं खचली. घोडं अन् धुळा मिळून किती हुतंय, तुमीच सांगा."

लालासाहेबांनी काठी मागून घेतली, स्वतः दोन ठिकाणी रोवून बघितली आणि फक्कीवाल्याला हाक मारली. काट्या परत आल्या. रेघ वळसा घालून नव्यानं मारली, थेट पाहुण्यांच्या मांडवासमोरून तिरकी. शर्यत उशिरानं सुटली.

मी ती बघितली नाही. माझे दंडवत राहिले होते. देवळाच्या पायरीशी पोचले तेव्हा माळावर आरडाओरडा चालला होता आणि खुरांचा आवाज पायरीच्या दगडातून माझ्या कपाळाला लागत होता. आत जाऊन देवीपुढं दिवा लावला. पाच वर्षांचा नवस फिटला. आता पहिला शब्द देवीच्या नावाचा काढायचा, हे मी वर्षापूर्वीच ठरवून ठेवलं होतं. एवढ्यात मनुबाई धावत आत आली, आणि माझ्या तोंडातून निघालं, "टिकली पडली तर न्हाई?"

जीभ चावली, पण शब्द गेला होता. देवीपुढं, पाचव्या साली, पहिला शब्द त्या घोडीचा. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मनुबाईला वाटलं, आनंदाचं आहे.

"न्हाई पडली. दुसरी आली," ती म्हणाली. "भाऊसोचा काळा म्होरं गेला. वळणावर टिकलीनं आखडून घेतलं म्हणं. भावजी हसत हुते."

दुसरी आली, हे ऐकून मला जरा बरं वाटलं. देवीपुढं उभी होते म्हणून ते तोंडावर दिसू दिलं नाही.

घरी येऊन मी जोत्यावर पाय पसरून बसले. गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. दुपार कलल्यावर हे टिकलीला घेऊन आले. तिला पाणी दाखवलं, दाणा ठेवला, अंग पुसलं. नेहमीचं सगळं नेहमीच्या क्रमानं. मी भिंतीकडं तोंड केलं. मग कोनाड्यात बाटली वाजली. तिच्या पायांची वेळ झाली होती.

हे बाटली घेऊन गोठ्याबाहेर आले आणि माझ्यापुढं बसले. तेल हातावर घेतलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तेल लागलं तसं आतून ठणकलं आणि मी पाय मागं घेतला.

"हूऽ हूऽ," हे म्हणाले. "झालं गं बाय, झालं."

मी पाय परत सरळ केला. ह्यांचा अंगठा गुडघ्याच्या वाटीच्या कडेनं फिरत होता, सवयीनं, नीट. गोठ्याच्या दारातून टिकलीनं मान बाहेर काढली होती. कापराचा वास ओळखून ती नाक फेंदारत होती आणि एक पाय आपटत होती.

"थांब की जरा," हे तिच्याकडं न बघता म्हणाले. "तुझं मागनं."

मी दुसरा गुडघा पुढं केला. तो काही एवढा दुखत नव्हता.